पिपलानीच्या क्वार्टरमधून लढलेलं युद्ध

भोपाळला पिपलानीत, बाबांच्या कारखान्याच्या वसाहतीत आमचं क्वार्टर आहे, त्याचा हॉल लहान आहे. एक सोफा, एक दिवाण आणि बाबांची वेताची खुर्ची ठेवली की संपला. त्या उन्हाळ्यात मात्र जनरल शिफ्ट सुटली की रोज तिथे बाबांच्या कारखान्यातली पाच-सहा माणसं मावायची. आमच्याकडे इंग्लिश बातम्यांची चॅनेलं होती आणि ती समजावून सांगायला मी होते.

सीमेवर दोन्हीकडून मारा सुरू झाला होता. आणि दादा तिथे होता. इंजिनियर झाल्यावर तो बाबांसारखा कारखान्यात लागेल असं अख्ख्या ब्लॉकने धरून ठेवलं होतं. तो फौजेत गेला. त्याचा शेवटचा मेसेज एवढाच होता: आता फोन बंद राहील, काळजी करू नका. त्यानंतर त्याचा फोन लागत नव्हता. आईने स्वतःचा फोन ओट्यावर डाळीच्या डब्याला टेकवून ठेवला होता. पोळ्या लाटताना तिची नजर तव्यापेक्षा तिकडेच जास्त असायची.

हे हॉलमधल्या प्रत्येकाला माहीत होतं. म्हणूनच मला त्यांचा राग यायचा. माहीत नसतं तर गोष्ट वेगळी होती.

ही सगळी बाबांच्या बरोबरीची माणसं. नागपूर, अमरावती, पुणे अशी कुठून कुठून तरुणपणी इथे नोकरीला आलेली आणि इथेच केस पिकलेली. सभ्य माणसं. गणपतीत वर्गणीसाठी फिरतात, कुणाकडे काही झालं तर सर्वांत आधी पोचतात. त्यांचे पुढारी म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरचे काका. मला सायकल त्यांनी शिकवली आणि दहावीला पेनही त्यांनीच दिलं. रिटायर झाल्यावर राहायला त्यांनी कोलार रोडला फ्लॅट घेऊन ठेवलाय. तिथे पाण्याचा टँकर दोन दिवस चुकला तर ते बिल्डरला फोन करून घर डोक्यावर घेतात. तेच काका आमच्या सोफ्यावर बसून रोज म्हणायचे की आता एकदाचा सोक्षमोक्ष लावून टाकायला हवा, थोडंफार नुकसान सोसलं पाहिजे, त्याला इलाज नाही. आणि मग त्याच आवाजात, वहिनी, माझ्या चहात साखर कमी बरं का.

मी दिवाणाच्या कोपऱ्यात बसायचे. मला चारचौघांत बोलायला जमत नाही. शाळेत सगळं शिक्षण इंग्लिशमध्ये झालं, घरी मराठी, बाहेर हिंदी. तीन भाषा येऊन मी एकीतही धड तोंड उघडत नाही, असं आई म्हणते. पण टीव्हीवरचा कुणी निवृत्त अधिकारी बोलायला लागला की काका माझ्याकडे वळायचे, "हां बेटा, काय म्हणतोय तो?" मग मी सांगायचे. तो म्हणतोय की अशी युद्धं शिडीसारखी असतात. एक जण एक पायरी चढला की दुसऱ्याला चढावीच लागते. उतरायचं असेल तर दोघांनाही घरी जाऊन आम्हीच जिंकलो असं सांगता आलं पाहिजे, नाहीतर कुणी उतरत नाही. सर्वांत वरच्या पायरीवर अणुबॉम्ब आहे, हेही तो सांगायचा. ते ऐकताना हॉलमध्ये एक खुशी पसरायची. दुसरा शब्द मला सापडत नाही. कंटाळलेल्या माणसांना काहीतरी मोठं घडतंय याची खुशी.

नंतर स्वयंपाकघरात आई तेच विचारायची. तिच्यासाठी माझं भाषांतर वेगळं असायचं. थांबतील असं म्हणतायत, एवढंच मी सांगायचे. आई माझ्या तोंडाकडे बघायची आणि कणकेकडे वळायची. तिला इंग्लिश येत नाही, पण मी येते.

बाबांचा राग आला, तो वेगळ्या दिवशी. बाबा टेस्टिंगमध्ये आहेत. वाफेवर फिरणारं टर्बाइन तयार झालं की त्याला मुद्दाम ठरलेल्या वेगाच्या वर नेतात आणि ते स्वतःहून बंद पडतं का, हे बघतात. ही ओव्हरस्पीडची टेस्ट. आमच्या घरात हा शब्द दूध-भाजीसारखा रुळलेला आहे. लहानपणी आम्ही भांडायला लागलो की आई म्हणायची, ओव्हरस्पीड झालंय दोघांचं. त्या संध्याकाळी बाबांनी युद्धाला ती टेस्ट लावली. म्हणाले, काळजीचं कारण नाही. वेग वाढेल, वाढलेला दिसेलही, पण एका मर्यादेच्या पुढे ट्रिप होणारच. कुणीतरी मोठा देश मध्ये पडेल, वाफ बंद होईल, मशीन थांबेल.

ते आईसाठी बोलत होते. आवाज मुद्दाम स्वयंपाकघरापर्यंत पोचेल एवढा ठेवला होता. पण ऐकलं हॉलने. आणि हॉलला ते फार आवडलं. आपल्या कामातली गोष्ट! आता त्यांच्या हौसेला इंजिनियरिंगचा आधार मिळाला. ट्रिप होणारच आहे तर वाढवा ना वेग, बघू तरी. रोज कुणीतरी आल्या आल्या विचारायचं, काय, किती आरपीएम आज? आणि सगळे हसायचे. बाबाही थोडे हसायचे. ते हसायचे म्हणून मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षात आलं नाही, कारण मी तशीही कमीच बोलते.

कारखान्याच्या भोंग्यावर ब्लॅकआउटचा सराव झाला, तेव्हा काकांनी गच्चीवरून लोकांच्या खिडक्या तपासल्या आणि एका उघड्या दिव्यासाठी एका म्हाताऱ्या बाईंना झापलं. भोपाळपासून सीमा किती लांब आहे हे त्यांना माहीत होतं. तरी ते घामाघूम होऊन, आनंदात खाली आले.

शनिवारी काका बिट्टन मार्केटला भाजी आणायला गेले होते. येताना पेढ्यांचा मोठा डबा घेऊन आले. बाजारात सगळे म्हणत होते, आज रात्री मोठं काहीतरी होणार. निकाल लागला की इथेच वाटू, म्हणून डबा त्यांनी टीव्हीशेजारी ठेवला. आई चहा घेऊन आली तेव्हा ट्रे ठेवायला जागा नव्हती. तिने तो डबा उचलून बाजूला केला.

थोड्याच वेळात टीव्हीच्या तळाशी पट्टी आली. मी ती दोनदा वाचली. मग कुणी न विचारताच बोलले, "थांबलं. दोन्ही देशांनी मान्य केलंय."

आई दारातच होती. ती खाली बसली, उंबऱ्यावर, आणि तोंडावर पदर धरला. बाबा उठून तिच्याकडे जावं की नाही अशा अर्धवट अवस्थेत खुर्चीच्या कडेवर आले. आणि हॉल शांत झाला. क्रिकेटचा सामना पावसाने वाया गेल्यावर होतो तसा. कुणीतरी च्च केलं. एक जण म्हणाला, एवढ्यात? दुसरा म्हणाला, दरवेळी आपलं हेच. आणि काका उठले, डबा काखेत घेतला, म्हणाले की हा काही निकाल नव्हे, हे पेढे आता कशाला. चप्पल घालता घालता बाबांकडे बघून म्हणाले, "ट्रिप लवकर झाला यार. अजून थोडा वेग घ्यायला हवा होता."

माझ्या तोंडात तीन भाषांतले शब्द आले होते आणि एकही बाहेर पडत नव्हता.

आई उठली. डोळे पुसले नाहीत. शांतपणे म्हणाली, "भाऊजी, त्या टेस्टला तुम्ही मशीनजवळ माणसं ठेवता का हो?"

काका थांबले. टेस्टच्या वेळी शेड रिकामी करतात, हे त्या हॉलमधल्या प्रत्येकाला पाठ होतं. साधा हेल्परसुद्धा आत राहिला तर कुणाची तरी नोकरी जाते. अनेक वर्षं त्या टेस्टच्या दिवशी आईने बाबांची वाट पाहिली होती. तिलाही ते पाठ होतं. बाबांनी मान खाली घातली.

"माझा मुलगा आत उभा होता," आई म्हणाली. "द्या तो डबा."

त्यांनी दिला. आईने झाकण उघडलं, दोन पेढे देवापुढे ठेवले आणि डबा घेऊन एकेकाच्या पुढे जाऊन उभी राहिली. घेईपर्यंत हलायची नाही. डायबेटिस असलेल्यांनीही घेतला. माझ्यापुढे आली तेव्हा मी दोन घेतले. तोंड भरून चावत काकांकडे बघत राहिले. मोठ्यांकडे असं बघायची मला सवय नाही. त्यांनी नजर वळवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादाचा फोन आला. आवाज घोगरा. बरा आहे म्हणाला, जेवलोय म्हणाला. आईला काही सुचेना म्हणून तिने कोणती भाजी केलीय ते सांगितलं. मला फोन मिळाल्यावर मी पेढ्यांची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "उरलेत का?"

देवापुढचे दोन आईने फ्रिजमध्ये ठेवले होते. त्याला सुट्टी मिळेपर्यंत त्यांचे दगड झाले. आल्या आल्या त्याने ते उभ्यानेच खाल्ले. बारीक झाला होता. वरच्या मजल्यावर काही पडल्याचा आवाज झाला तरी त्याचं चावणं थांबायचं. सीमेवर काय पाहिलं ते त्याने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

संध्याकाळी बेल वाजली. काका होते, मागे अजून दोघं, हातात पेढ्यांचा नवा डबा. चेहरा खरोखर प्रेमाचा. म्हणाले, आपल्या पोराला भेटायला आलोय, त्याच्या तोंडून ऐकू दे जरा, अजून दोन दिवस मिळाले असते तर काय झालं असतं.

दादा माझ्या मागे, त्यांना दिसणार नाही असा, दिवाणावर जागाच बसला होता. टीव्ही लावलेला होता, आवाज बंद करून.

"तो झोपलाय काका," मी म्हणाले.

ते म्हणाले, उद्या येतो मग. मी म्हणाले, उद्याही झोपेल. आणि दार लावून कडी घातली.