कडप्प्याच्या ओट्यावर तिकिटं

माझ्या स्वयंपाकाच्या ओट्यावर पेट्रोल ओतणाऱ्या माणसाशी माझं लग्न झालेलं आहे. हे वाक्य लिहितानासुद्धा माझं डोकं तापतंय, तेव्हा पुढे गोड बोलण्याची अपेक्षा माझ्याकडून कुणी ठेवू नये.

आमचे हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि पोस्टाच्या तिकिटांच्या नादी लागले. इथवर माझं काही म्हणणं नव्हतं. लोक निवृत्त होऊन सोसायटीचं राजकारण करतात, त्यापेक्षा तिकिटं बरी. मग सटाण्याच्या एका ओळखीच्या कांदा व्यापाऱ्याने जुनी पेढी आवरायला काढली आणि वाडवडिलांच्या काळच्या पाकिटांचं पोतंच्या पोतं यांना देऊन टाकलं. त्यात देशाच्या नकाशाची तिकिटं निघाली, ढिगाने. झालं! तेव्हापासून आमच्या घरात दुसरा विषय नाही.

या नकाशाच्या तिकिटांची गंमत अशी की दोन तिकिटं शेजारी ठेवली तर चित्र तेच, रंग तोच, किंमतही तीच. फरक कागदाच्या पोटात. कागद तयार होतानाच त्यात एक खूण उमटवलेली असते, तिला वॉटरमार्क म्हणतात. काही तिकिटांत तारे असतात, काहींत अशोकस्तंभाचे सिंह. उजेडात धरून दिसली तर दिसली. नाही दिसली तर तिकीट काळ्या जागेवर पालथं ठेवायचं आणि वर खास फ्लुइडचे एकदोन थेंब सोडायचे. कागद भिजला की खूण काळसर होऊन वर येते, फ्लुइड उडून गेलं की तिकीट पुन्हा होतं तसं कोरडं.

आता आमच्या घरात काळी जागा कुठली? माझा कडप्प्याचा ओटा!

लेक पुण्याला असते. तिने बाबांसाठी सगळं रीतसर मागवून पाठवलं होतं: छोटा काळा ट्रे, चिमटा, सीलबंद फ्लुइड. यांनी ते कौतुकाने उलटसुलट करून पाहिलं, मला दाखवलं, शेजाऱ्यांना दाखवलं आणि कपाटात ठेवून दिलं. का? तर चांगली वस्तू आहे, उगाच वापरून संपेल. यांच्या घराण्याची रीतच ही. नवा टॉवेल पाहुण्यांसाठी, काचेचे पेले पाहुण्यांसाठी. वॉटरमार्कचं फ्लुइड कुठल्या पाहुण्याला प्यायला द्यायचं होतं, ते मला अजून कळलेलं नाही.

म्हणून मग पेट्रोल. स्कूटरमधून काढलेलं आणि कशात भरलेलं, तर खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत. कपाळ माझं! गॅसची शेगडी हातभर अंतरावर, देवघर त्याच ओट्याच्या टोकाला. वर पंखा बंद आणि खिडकी लावलेली, कारण वाऱ्याने तिकिटं उडतात. मी एकदा पाहिलं आणि आकाशपाताळ एक केलं. "अहो, एक दिवस घरासकट उडाल," म्हटलं. "तिकिटं सापडायची नाहीत आणि तुम्हीही."

"अगं, दोन थेंबांनी काय होतंय?" हे यांचं उत्तर. बायको म्हणजे सायरन, वाजून वाजून आपोआप बंद पडतो, अशी यांची ठाम समजूत आहे. त्यानंतर एवढंच झालं की मी घरात नसताना हा उद्योग चालू लागला.

त्या दिवशी मी पंचवटीत भाजी आणायला गेले होते. येताना रिक्षा अडकली, पुलाच्या अलीकडे पुढची गाडी हलेना आणि मागची हॉर्न थांबवेना. घरी पोचेपर्यंत दिवेलागण होऊन गेली. जिन्यातच मला वास आला. वरच्या मजल्यावर कुणाची तरी गाडी गळतेय की काय, असा वेड्यासारखा विचार मनात आला. आमच्या दाराशी आले तर नाकात झिणझिण्या.

दार उघडलं. औषधाची बाटली ओट्यावर आडवी पडलेली. पेट्रोल शेगडीच्या खालून ओघळून देवघरापर्यंत गेलेलं. आणि हे, हात-पाय धुऊन, देवासमोर उभे, हातात काडेपेटी. काडी बाहेर काढलेली.

मी काय ओरडले ते मला आठवत नाही. भाजीची पिशवी हातातून सुटली, टोमॅटो पार सोफ्याखाली गेले. मी यांचं मनगट धरलं आणि काडेपेटी हिसकावून घेतली.

"अगं, काय झालं काय?" हे खरोखर गोंधळले होते. "तू आली नाहीस, म्हटलं आज दिवा मी लावतो."

"पेट्रोल सांडलंय! दिसत नाही?"

"सांडलं होतं थोडं. पण कधीच उडून गेलं असेल." आणि यांचा हात पंख्याच्या बटणाकडे गेला.

"बटणाला हात लावू नका!" मी किंचाळले. ठिणगीला बटणही पुरतं. सिलेंडरचा कॉक बंद केला, खिडक्या उघडल्या, दार सताड उघडं टाकलं आणि यांना ढकलत ढकलत गॅलरीत नेऊन उभं केलं. जुन्या चादरीने ओटा पुसला आणि चादर गॅलरीच्या दांडीवर टाकली. हे सगळं रागाने केलं की भीतीने, विचारू नका. मला त्या वेळी रागच परवडत होता.

"एवढा भपकारा सुटलाय, जिन्यापर्यंत येतोय," मी म्हटलं. "तुमच्या नाकाला काय झालंय?"

हे कठड्याला टेकून उभे होते. खाली बघत म्हणाले, "मला वास येत नाही."

"कधीपासून?"

"तेव्हापासून."

तेव्हापासून म्हणजे करोनाच्या दुसऱ्या लाटेपासून. हे त्यातून उठले, पण वास गेलेला. मी रोज सकाळी यांच्या नाकापुढे कापूर धरायचे, हिंगाची डबी धरायचे, कॉफीची बाटली धरायचे. "येतोय का?" हे नाही म्हणून मान हलवायचे आणि मी मोरीत जाऊन रडून यायचे. मग एक दिवस कापूर धरला तर म्हणाले, "आला." मी पंचवटीत जाऊन नवस फेडला. साऱ्या इमारतीत पेढे वाटले!

"मग ते 'आला' म्हणालात ते?"

"तू रोज रडायचीस," हे म्हणाले. "म्हटलं, आला म्हणावं."

"आणि रोज दारातून आत येताना म्हणता ते? वा, काय खमंग वास सुटलाय, मेथी वाटतं?"

"ओट्यावर देठं दिसायची."

"आणि मसालेभात?"

"त्या दिवशी तू मोठं पातेलं काढतेस."

एखादी बाई यावर विरघळली असती. मी नाही विरघळले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी इतकी वर्षं या माणसाच्या 'वा'साठी फोडण्या दिल्या. कधी दमलेली असले, नुसता खिचडीचा कुकर लावायचं ठरवलेलं असलं, तरी यांचा पाय उंबऱ्यात पडायच्या वेळी मुद्दाम जिरं-हिंग तडतडवलं. कुणासाठी? देठांसाठी? आणि तेही एक वेळ सोडा. नाक नसलेल्या माणसाने पेट्रोलशी खेळायचं, आणि नाक नाही हे घरात कुणाला ठाऊक नको!

"मला बरं वाटावं म्हणून खोटं बोललात," मी म्हटलं, "आणि त्याच खोट्याने आज जळून मेला असतात. मी चढले असते जिना आणि काय बघितलं असतं?" एवढं बोलून मी आत जाऊन सोफ्याखालचे टोमॅटो गोळा करू लागले. यांनी तेव्हा एक शब्द काढला असता तर मी काय केलं असतं सांगता येत नाही.

त्या रात्री जेवण बाहेरून आलं. शेगडी मी पेटवू दिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपाटातून लेकीने पाठवलेला खोका काढला आणि फ्लुइडचं सील यांच्यासमोर फोडलं. यांचा चेहरा असा झाला की जसं काही मी लग्नातला शालू फाडला. बाटलीवरचं सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. मोकळ्या हवेत वापरा, विस्तवापासून लांब ठेवा, बोटांना लागू देऊ नका, झाकण लगेच लावा. तेव्हापासून कायदा माझा: गॅलरीत, दिवसाउजेडी, मी घरात असताना. ओट्यावर पुन्हा तिकीट दिसलं तर ते फोडणीत जाईल. वारा आला तर तिकिटांवर वाटी पालथी घाला, पण ते घेऊन घरात यायचं नाही.

पहिल्याच तिकिटावर थेंब पडला आणि कागदातून तारे वर आले. हे लहान मुलासारखे हसले. मी हसले नाही. यांनी फ्लुइडचं झाकण लावलंय की नाही, ते मी पाहिलं.

संध्याकाळी हे फिरून आले. मी मेथीला फोडणी देत होते. दारात सवयीने यांचं तोंड उघडलं, "वा..." आणि माझ्याकडे बघून मिटलं. स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभे राहिले.

"लसूण लाल झालाय," मी पाठमोरीच म्हटलं, रागातच म्हटलं. "आता हिंग टाकला. घसा खवखवेल इतका वास सुटलाय. आता मेथी, तिचा कडवट येतोय." झाकण ठेवलं आणि वळले. विचारायचं नव्हतं, पण तोंडातून गेलंच. "येतोय का थोडा?"

यांनी नाक पुढे करून मोठा श्वास घेतला. मग आणखी एक.

"नाही," हे म्हणाले.

त्या खोट्या 'आला'नंतर माझ्या 'येतोय का?'ला यांनी दिलेलं हे पहिलं खरं उत्तर होतं. मी गॅस बारीक केला आणि म्हटलं, "बसा. पानं घेते."