आईचा व्यवसाय: कपडेपट

मंडळी, आज आईने कमालच केली!

आज आर्वोला (ऑसी लोकांची दुपार!) आमच्या क्वेकर्स हिलच्या कम्युनिटी हॉलमध्ये एक जुनी हॉलीवूड कॉमेडी होती, सिनेमावाल्यांचीच टर उडवणारी. कोल्हापूरहून आलेल्या आईला घेऊन गेले. तिला इंग्लिश कळत नाही, म्हणून मुद्दाम दाराजवळ बसले. कंटाळली तर पटकन निघता येईल!

पडद्यावर शूटिंगचा सीन आला. राणी झालेली हिरॉइन ऐटीत वळली आणि हॉलमध्ये आई एकटीच खो खो हसली. सगळे बघायला लागले. मला कानकोंडं झालं.

"अगं, तिची पाठ बघ की! समोरनं राणी, मागनं नुसत्या टाचण्या. आम्ही बी अशाच लावायचो!"

आई पूर्वी सिनेमाच्या स्टुडिओत कपडेपट, म्हणजे नटनट्यांचे पोशाख, सांभाळायची. शेजारच्या ऑसी आजींना मी हे सांगितलं, त्यांनी सगळ्यांना. चहाच्या वेळी आईभोवती ही गर्दी, आणि मी दुभाषी!

घरी येऊन तिच्या व्हिसाच्या मुदतवाढीचा अर्धवट भरलेला फॉर्म उघडला. व्यवसाय: 'होम ड्युटीज', म्हणजे घरकाम. माझ्याच हाताने लिहिलेलं. खोडून लिहिलं, 'फिल्म कॉश्च्युम्स, रिटायर्ड'.

तुम्ही तुमच्या आईच्या नावापुढे काय लिहिता? तिला विचारून लिहिलंय का?