मांडीवरचा धोंडा

आमच्या मोटारीत प्रत्येकाला एकेक काम नेमून दिलेलं होतं. आमचे हे मोटार चालवायचे, सासूबाई त्या चालवण्याला नावं ठेवायच्या आणि मी धोंडा धरायची. चढावर गाडीचा दम सुटला की मी टुणकन खाली उतरायचं आणि तो धोंडा मागच्या चाकाखाली सरकवायचा, म्हणजे गाडी मागं घसरायची नाही. नुकतंच लग्न झालेलं, अंगावर इरकली लुगडं आणि मांडीवर हा एवढा काळा धोंडा! लेक मोटारवाल्यांच्या घरी पडली म्हणून माझी आई माहेरी गल्लीभर सांगत होती. धोंड्याचं मी तिला कधी सांगितलं नाही.

हे सोलापुरात एका हायस्कुलात गणित शिकवायचे. मोटार एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडून जुनी घेतलेली. गावात चढ असे नाहीतच, त्यामुळे आमची अब्रू झाकलेली होती. पण कुलदेवी तुळजापूरची, आणि तुळजापूरच्या अलीकडे घाट. आदल्या वर्षी गाडीनं त्या घाटाच्या मध्यावरच मान टाकली. यांनी मागं वळून अगदी हळू विचारलं, "आई, जरा उतरतेस?"

सासूबाईंचे गुडघे दुखायचे, वरून ऊन रणरणत होतं. त्या उतरल्या आणि चालू लागल्या. मागून बैलगाडी आली. तिच्यातल्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या आणि एकीनं विचारलं, "आजी, मोटार तुमचीच हाय व्हय? मग पायी का चाललाय?"

देवीपुढं उभ्या राहून सासूबाईंनी चार लोकांना ऐकू जाईल असं सांगितलं, "आई, पुन्हा त्या खटाऱ्यात बसले तर बघ!" झालं. प्रवाशांच्या सर्व्हिस मोटारीत त्यांना मळमळायचं, बैलगाडीत कंबर धरायची. म्हणजे त्यांचं तुळजापूरच सुटलं. बोलायच्या नाहीत, पण मंगळवारी देवघरात नेहमीपेक्षा जास्त वेळ बसायच्या. यांना ते फार लागलं होतं. आईला बसल्याजागी घाट चढवायचा, एवढं एकच त्यांनी मनात धरलं.

मेच्या सुट्टीत परसातल्या लिंबाखाली इंजिन खोललं. सोलापुरी चादरीवर त्याचे भाग असे मांडले होते की शेजारीपाजारी दर्शनाला यायचे. इंजिनाचं वरचं झाकण हे एका गिरणीच्या वर्कशॉपात नेऊन केसभर तासून घेऊन आले. त्यानं आतला वायू जास्त आवळला जातो आणि जोर वाढतो, असं त्यांनी मला समजावलं, तेही मी आमटीला फोडणी देत असताना. झडपा घासायचं काम माझ्याकडं आलं. झडपेला वाळूसारखी पेस्ट लावायची आणि ती तिच्या बैठकीवर घासायची, अर्धा फेरा इकडं, अर्धा तिकडं. माझा हात पडला जात्यावरचा. एकदा फिरला की फिरतच राहायचा. हे ओरडायचे, "अगं, दळण नाही ते!"

"मग तुम्हीच करा की," म्हणून मी उठायची. मग हे मनधरणी करायचे आणि मी पुन्हा बसायची. खरं सांगायचं तर मला ते काम भारी आवडायचं.

सासूबाई मात्र परसात फिरकत नव्हत्या. भांडी घासायलासुद्धा पुढच्या अंगणात जायच्या.

यांच्याकडं मोटारीचं एक इंग्रजी पुस्तक होतं. त्यात लिहिलं होतं की चारही पिस्टन एका वजनाचे असावेत, नाहीतर इंजिन थरथरतं आणि जोर वाया जातो. घरात तागडी होती, सासूबाईंची. भाजीवालीवर विश्वास नाही म्हणून दारात घेतलेला माल त्या घरच्या तागडीत पुन्हा तोलायच्या. यांनी ती गुपचूप परसात आणली आणि बघतात तर डाव्या पारड्याच्या दोरीला चिंधीत बांधलेला एक खडा लोंबतोय. हे माझ्या कानाशी येऊन खुसखुसले, "आई भाजीवालीला गंडवते बरं का!" आणि कात्रीनं चिंधी कापून खडा खिशात टाकला. वर मला ताकीद, "तिला बोलू नकोस. बिचारीला लाज वाटेल."

मग सगळ्यात हलका पिस्टन डाव्या पारड्यात ठेवला आणि बाकीचे तिघे एकेक करून उजव्यात. जड भरेल तो आतून कानशीनं घासायचा, पुन्हा तोलायचा. काटा मधोमध आला की हे असे खूश व्हायचे, जणू वर्गातला सगळ्यात ढ मुलगा पास झाला.

तागडी गुपचूप जागेवर ठेवली आणि इंजिन जोडलं. हँडल मारताच चालूही झालं. पण परीक्षा म्हणून बॉनेटवर ठेवलेला पाण्याचा पेला थडथडत निघाला आणि खाली पडला. पूर्वीपेक्षा जास्त थरथर! हे डोक्याला हात लावून लिंबाखाली बसले. तुळजापूर आता कायमचं लांब गेलं असं मला वाटलं.

तेवढ्यात पुढच्या दारी भांडण पेटलं. सासूबाईंनी घेतलेली गवार घरच्या तागडीत कमी भरली होती. भाजीवालीही ऐकणारी नव्हती.

"माज्यावर कशाला डाफरताय, आई? रिकामी धरा की तागडी! तुमची तागडीच वाकडी हाय!"

सासूबाईंनी रिकामी तागडी वर धरली. उजवं पारडं खाली गेलं.

"पासंग कुणी काढला?"

आम्ही दोघंही दारात पोचलो होतो. यांनी खिशातून चिंधीतला खडा काढला. "आई, मला वाटलं… तू हिला…"

"मी? गंडवते?" सासूबाईंचा आवाज पार गल्लीच्या टोकाला गेला असेल. "अरे, दांडीच मुळात वाकडी आहे, म्हणून पासंग! तो आहे म्हणून तागडी खरं बोलते. गणित शिकवतोस ना पोरांना?"

भाजीवाली पोट धरून हसत होती. यांचा चेहरा आधी पडला, मग एकदम खुलला. "अगं आई, म्हणजे तिन्ही पिस्टन मी जास्त घासले! हलका म्हणून धरलेला आता जड झालाय!"

"कसले पिस्टन? माझ्या तागडीत?"

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. यांनी सगळं सांगितलं, कशासाठी चाललंय तेसुद्धा. मग सासूबाईंनी पासंग आपल्या हातानं बांधला, पदर खोचला आणि इंजिन खोलल्यापासून पहिल्यांदा परसात आल्या. "खोल तुझं ते. तोलणार मी. तुमचा दोघांचा हात हलतो."

पुन्हा सगळं खोललं. पिस्टनला त्या पेला म्हणायच्या. "हा पेला अजून जड आहे. घास." हे घासायचे. "अजून." हे पुन्हा घासायचे. भाजीवालीला तोलताना जेवढी दयामाया दाखवायच्या, तेवढीच पोटच्या पोराला दाखवली. इंजिन पुन्हा जोडून झाल्यावर बॉनेटवर ठेवलेला पाण्याचा पेला जागचा हलला नाही, आतलं पाणी तेवढं शहारत होतं.

तुळजापूरला निघायच्या दिवशी सासूबाई न बोलावता मोटारीत येऊन बसल्या. "देवीला मी खटाऱ्याचं सांगितलं होतं. हिच्यात आता खटारा कुठं राहिलाय?" असं म्हणाल्या खऱ्या, पण दाराची कडी घट्ट धरून बसल्या होत्या.

घाट लागला. यांनी गिअर बदलला. गाडी कण्हली, पण चढत राहिली. गेल्या वर्षी जिथं सासूबाई उतरल्या होत्या ते वळण आलं आणि वेग मंदावला. मी धोंडा दोन्ही हातांत घेतला, एक पाय पायरीवर टाकला. यांची मान ताठ झाली होती.

"सूनबाई, तो धोंडा दे टाकून."

"पण आई, गाडी अजून…"

"टाक म्हणते ना. उगीच वजन."

मी धोंडा रस्त्याच्या कडेला सोडला. यांनी मागं पाहिलं नाही, पण त्यांचे कान लालबुंद झालेले मला मागून दिसले. मला हसू आलं आणि त्याच दमात रडूही. गाडी त्याच संथ चालीनं वळण चढून गेली, आणि मांडी मोकळी झाल्यावर हात कुठं ठेवावेत तेच मला कळेना.

देवीपुढं सासूबाई हात जोडून उभ्या राहिल्या. या खेपेलाही चार लोकांना ऐकू जाईल अशाच बोलल्या.

"आई, बसून आले गं!"