बोटांनी वाचायचा रस्ता

मामा दिवाणावर बसले आणि त्यांच्याखाली अख्खं गाव चेपलं.

सगळ्यात आधी टोचली ती पाण्याची टाकी. मामा ओरडून उठले, तोवर बेकरी त्यांच्या विजारीला चिकटली होती, टपालकचेरी सपाट झाली होती आणि काड्यापेटीच्या काड्यांचा पादचारी पूल मधोमध मोडून पडला होता. मामांचा देह मूळचाच भारदस्त. कुणाकडे गेलं की आधी बसायचं आणि मग "बसू का?" असं विचारायचं, ही त्यांची पद्धत. त्यात भाचीने डिंक वाळायला ठेवलेल्या नकाशावर चादर पसरली होती, आणि कुठलीही चादर आपल्यासाठीच अंथरलेली असते असं मामांना जन्मापासून वाटत आलेलं.

"अरे, काय केलंस हे?" त्यांची थोरली बहीण स्वयंपाकघरातून धावत आली.

"काही नाही गं ताई, नुसता बसलो."

"तेच तर!"

भाची आतून आली. तिने आरडाओरडा केला नाही. मामांच्या विजारीवरून बेकरी अलगद सोडवली आणि म्हणाली, "हलू नका. हॉस्पिटल अजून तुमच्या मागेच आहे."

मामांना वाटलं, हिने चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. कारण हा नकाशा कुणासाठी होता ते त्यांना ठाऊक होतं. भाची अंधशाळेत भूगोल शिकवायची. तिथल्या वसतिगृहातल्या एका मुलीला हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटरची नोकरी लागली होती. कामावर जायचं होतं सोमवारी, पण शाळेत सगळे तिला आत्तापासूनच 'ऑपरेटर' म्हणू लागले होते. शाळेच्या मोठ्या बाईंची अट एकच: सोमवारी वसतिगृहापासून हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत एकटीने चालून दाखव. जमलं तर नोकरी. नाही जमलं तर नाही. सोडायला-आणायला माणूस नाही आणि त्या वेळेला शाळेची गाडी लहान मुलांना आणायला गेलेली असते. ऑपरेटर तो रस्ता बोटांनी पाठ करणार होती. आज शनिवार होता आणि रस्त्यावर मामा बसले होते.

मामांचं चष्म्याचं दुकान. भाची हुशार निघाली तेव्हाच त्यांनी ठरवून टाकलं होतं, ही डोळ्यांचं काहीतरी शिकणार आणि दुकान सांभाळणार. तिने घेतला भूगोल. "नकाशे बघायला कॉलेजात कशाला जायचं? रस्ता चुकला तर कोपऱ्यावरच्या माणसाला विचारावं!" असं म्हणून त्यांनी तिचं नाव 'होकायंत्र' ठेवलं. घरात चार माणसं जमली की त्यांची परीक्षा सुरू. "काय होकायंत्र, अमुक देशाची राजधानी कोणती?" होकायंत्र शांतपणे म्हणायचं, "पुस्तकात असेल, मामा."

कॉलेजात असताना ती तिपाईवर फळी लावून भर बाजारात मोजमाप घेत उभी राहायची. रस्ता रुंद होणार अशी आवई उठली आणि दुकानदारांनी भराभर आपापली छपरं आत ओढली. बाजाराला इतकी शिस्त त्याआधी कुणी लावली नव्हती आणि नंतरही नाही. तिच्या प्राध्यापक बाई म्हणायच्या, नकाशात काय घालायचं ते कुणीही सांगेल, काय गाळायचं ते शिका. पुढे नगरपालिकेत गटारांचे नकाशे काढायची चांगली नोकरी मिळाली. खुर्ची होती, पंखा होता, संगणक होता. एकदा कुणाच्या तरी बदली ती अंधशाळेत शिकवायला गेली. मुलं खंडांची आणि महासागरांची नावं घडाघडा म्हणत होती. तिने सहज विचारलं, "आपल्या फाटकापासून बसथांबा कुठल्या बाजूला?" कुणी डावीकडे हात केला, कुणी उजवीकडे. त्या वर्गात ती राहिली ती राहिलीच.

पहिला नकाशा तिने फार हौसेने केला होता. झाडं, खांब, पाट्या, सगळं घातलं. एका मुलीने त्यावर हात फिरवला आणि बोट चोखत म्हणाली, "बाई, हा रस्ता आहे की किसणी?" तीच ही ऑपरेटर. त्या दिवशी भाचीला आपल्या प्राध्यापक बाईंचं म्हणणं नव्याने कळलं. आता तिच्या नकाशात रस्ता म्हणजे सँडपेपर, फुटपाथ म्हणजे सुतळी, चौक म्हणजे शर्टाचं बटण. खिळ्याचं डोकं लागलं की समजायचं, इथे जपून. बाकी सगळं गाळलेलं.

शनिवारी संध्याकाळी मामा प्रायश्चित्त म्हणून सुतळी कापत बसले. खुर्चीवर. आधी चाचपून.

"माझं दुकान कुठे घातलंस?"

"गाळलं."

"गाळलं? हॉस्पिटलच्या वाटेवरचं इतकं जुनं दुकान!"

"पाटी तिला दिसणार नाही, मामा. आणि चष्मा ती घेणार नाही."

मामांनी सुतळी जरा जोरात कापली.

रविवारी सकाळी नकाशा पुन्हा उभा राहिला. भाची म्हणाली, "तपासायला हवा. माझ्या बोटांना रस्ता पाठ आहे, ती फसवतील. तुम्ही चला."

"मी? मी त्या रस्त्यावर जन्म काढलाय!"

"डोळे उघडे ठेवून काढलाय."

नकाशावर दोन-चारदा बोटं फिरवून झाल्यावर तिने आईची ओढणी त्यांच्या डोळ्यांना बांधली आणि हातात काठी दिली. मामा निघाले; मागोमाग भाची, नकाशा काखेत मारून. बेकरी त्यांनी नाकाने ओळखली आणि स्वतःवर खूश झाले. पुढे पाय आपोआप भरभर पडू लागले.

"अगं, इथे उतार आहे?"

"आहे. घरी येताना रोज तुम्हाला इथेच धाप लागते."

मामांना आजवर वाटायचं, ते वयाने होतं.

मामांची चाल सुधारली. आता आपलं दुकान आलं असणार, असं मनाशी म्हणत त्यांनी छाती पुढे काढली आणि काठी बगलेत मारून ते धाडकन कशावर तरी आदळले. गुडघा, कोपर, कपाळ, सगळं एकदम. ओढणी ओढून बघतात तर समोर त्यांचाच चष्मा! पुरुषभर उंचीचा, पत्र्याचा, दोन वाटोळ्या भिंगांचा. गिऱ्हाईक खेचायला गेल्याच आठवड्यात करून घेतलेला, आणि दुकानातल्या माणसाने रोजच्यासारखा फुटपाथवर मांडलेला.

"हा कधी आला इथे?" भाचीने विचारलं.

"दुकान उघडलं की ठेवतो. रात्री आत घेतो."

ती कपाळावर हात मारून घेत म्हणाली, "चूक माझी. गर्दी नको म्हणून मी पहाटे मोजायला यायचे. रस्ता झोपेत असताना मोजला. ती जाणार दुकानं उघडल्यावर."

"म्हणजे मी बसलो नसतो, तर हे कळलंच नसतं!" मामा कपाळ चोळत उजळले.

तिने पिशवीतून एक खिळा काढला आणि नकाशावर त्या जागी ठोकला.

"आलं का दुकान?" मामांनी हौसेने बोट फिरवलं. मग शेजारच्या खिळ्यावरून फिरवलं. "आणि हे काय?"

"उघडं गटार."

"म्हणजे मला गटाराच्या रांगेत बसवलंस?"

"बसायची सवय तुमची, मामा. मी फक्त नोंद केली."

दुपारी नकाशा ऑपरेटरकडे गेला; नवा खिळा म्हणजे मामांचा पत्र्याचा चष्मा, हे भाचीने तिला सांगितलं. संध्याकाळी मामा आणि दुकानातला माणूस शिडीवर चढले. पत्र्याचा चष्मा दाराच्या वर, भिंतीवर गेला. मामांनी कुणाला काही सांगितलं नाही. मामांच्या आयुष्यात असे प्रसंग थोडेच.

सोमवारी ते दुकानाच्या दारात उभे राहिले. बेकरीच्या अंगाने ऑपरेटर येताना दिसली, मान ताठ, काठी समोर. बऱ्याच अंतरावर भाची, हात मागे बांधून. कुणी मदत करायची नाही असं ठरलेलं. गटार तिने सफाईने चुकवलं. दुकानापाशी मात्र थबकली. काठी डावीकडे फिरवली, उजवीकडे फिरवली. काहीच लागेना. ती पुन्हा चाचपू लागली, मागे वळू की काय अशी. आपण चुकलो असं तिला वाटतंय हे मामांना स्वच्छ दिसत होतं. ते तोंड उघडणार, तेवढ्यात लांबून भाचीने ओठांवर बोट ठेवलं. एवढी मोठी शिक्षा मामांना कधीच झाली नव्हती.

ऑपरेटरने एक पाऊल मागे घेतलं. पायाखालचा उतार जोखला. मग मोठ्याने हसली. "इथला चष्मा कुणीतरी घालून गेलेलं दिसतंय!" आणि काठी टेकवत सरळ पुढे निघून गेली.

तासाभराने दुकानातला फोन वाजला. "नमस्कार, हॉस्पिटलमधून बोलतेय," गोड, खणखणीत आवाज आला. "चष्मा सापडला का, मामा?"

मामांनी भिंगं पुसायच्या कापडाने डोळे पुसले आणि गिऱ्हाइकाला धूळ फार झाल्याचं सांगितलं.

शाळा सुटल्यावर भाची दुकानात शिरली. नकाशा तिच्या काखेत होता. मामांनी तिला स्वतःची खुर्ची दिली, चहा मागवला आणि 'होकायंत्र' न म्हणता अगदी नावाने हाक मारली. ताईने हे ऐकलं असतं तर त्यांचा ताप बघितला असता. मग घसा साफ करून ते म्हणाले, "आता तो खिळा काढून दुकानाला एखादं छानसं बटण लावशील ना?"

भाचीने नखाने खिळा उपटून टेबलावर ठेवला, जागेवरून अंगठा फिरवून पाहिला आणि म्हणाली, "नाही मामा, तिथे आता अडखळायला काही नाही."