चिठ्ठीशिवाय दिलेल्या गोळ्या

उत्तमला मी सात वर्षं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय गोळ्या दिल्या. हे आधी कबूल केल्याशिवाय त्याच्याबद्दल एक ओळही लिहिण्याचा मला हक्क नाही. त्याच्या पत्नी सुरेखावहिनींना विचारूनच लिहितोय. मागच्या महिन्यात साताऱ्याला मुलीकडे होतो, तेव्हा फोन आला... द्राक्षबागेत फवारणी करता करता तो खाली बसला, तो उठलाच नाही.

तासगावात माझं औषधांचं दुकान. उत्तम शाळेपासूनचा दोस्त. फौजेत पाठीला मार बसला म्हणून मुदतीआधी परतला, मग उशिरा लग्न केलं. दुकानाच्या काउंटरवर कोपर टेकून म्हणायचा, "दे रं तुझा परसाद." पाठदुखीच्या त्या गोळ्या अफूच्या जातीच्या, चिठ्ठीवरच द्यायच्या. पण दोस्ताकडं चिठ्ठी मागणं आमच्याकडं परकेपणाचं समजतात, आणि मला ते समजणं सोयीचं होतं.

चार वर्षं मूल झालं नाही. वहिनींच्या सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या, तरी बोल त्यांनाच. कुणाचं डोहाळजेवण असलं की उत्तमची आई त्यांना घरीच ठेवायची. त्या माउलीला मी काकी म्हणतो. शेवटी उत्तम स्वतः सांगलीला तपासून घ्यायला तयार झाला. आदल्या दिवशी मी त्याला बजावलं, गोळ्यांचं बोलू नकोस, माझं लायसन जाईल. शुक्रजंतू फार कमी आहेत, काही औषध चालू आहे का, असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा तो नाही म्हणाला.

आणखी तीन वर्षांनी पाठीसाठी तो दुसऱ्या डॉक्टरांकडे गेला. गोळ्यांचं नाव बघून त्यांनी समजावलं, की अफूसारखं द्रव्य आपलं शरीर स्वतःही थोडंथोडं तयार करतं आणि मेंदूकडून वृषणांना जाणारे हुकूम त्यानं आवरले जातात. बाहेरून रोज गोळी आली की हुकूम फारच मंदावतात, शुक्रजंतू घटतात. थांबवलं तर बरेचदा सुधारतं. मूल गोळ्यांमुळंच झालं नाही, असं कुणी छातीठोक सांगणार नाही. पण शोधायची वाट मी बंद केली होती.

त्या दिवशी दुकानात येऊन तो उभाच राहिला.

"तुला ठावं हुतं?"

औषधाच्या कागदावर वाचलं होतं, मी म्हणालो.

"कवा?"

"सांगलीला गेलास, त्याच्या आधी."

"मी तुझं लायसन वाचवलं रं. तू माझं काय वाचवलंस?"

पुन्हा तो दुकानाकडं फिरकला नाही. त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्या हळूहळू सुटल्या, पण तोवर वहिनींचं वय निघून गेलं होतं.

तेराव्यानंतर त्याच्या घरी गेलो. बाहेरच्या सोप्यात काकी भेटायला आलेल्या बायकांना सांगत होत्या, हिच्या पोटी एक असतं तर अग्नी द्यायला पुतण्या शोधावा लागला नसता. मी स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन वहिनींना हळू आवाजात गोळ्यांचं सांगू लागलो. त्यांनी मध्येच थांबवलं.

"मला ठावं हाय भावजी. त्यांनी सांगितलं हुतं. वर मलाच गप बसवलं, आईला सोसणार न्हाई म्हणून. मी सोसलं. आता माफी मागायची तर तिकडं आत्याबाईंपुढं मागा."

मी सोप्यात काकींसमोर बसलो. वहिनी दारात उभ्या होत्या.

"काकी, वहिनींच्यात काही दोष नव्हता. उत्तमला गोळ्या मी दिल्या, आणि डॉक्टरपासून लपवायला मीच लावलं. एवढी वर्षं तुम्ही यांना बोलत राहिलात आणि मी ऐकत राहिलो. वहिनी, मला माफ करा."