शाल परत आली

गावाचं नाव सांगत नाही, कारण मला अजून तिथेच राहायचं आहे. अ‍ॅमस्टरडॅमपासून बसने अर्ध्या तासावर, एवढं पुरे. गावाच्या कडेला गेमेंटेने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, भाड्याने दिलेले छोटे छोटे मळे होते. त्यातला एक माझा. नवऱ्याच्या नोकरीमागून मी या देशात आले तेव्हा नवरा काय करतो एवढंच लोक विचारायचे. मळ्यात मात्र शेजारच्या डच आजोबांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "हे काय लावलंस?" मेथी होती. एक पान चावून ते म्हणाले, "कडू आहे." आणि थुंकले. मला ते तेव्हाच आवडले.

आजोबा ऐंशीच्या पुढचे. बायको गेल्यापासून त्यांचा सगळा दिवस मळ्यातच, नासपतीच्या तीन झाडांखाली जायचा.

मग त्या जागेवर घरं बांधायचं ठरलं. पत्र आलं: अमुक तारखेच्या आत जे आपणहून मळा सोडतील त्यांना कालव्यापलीकडे दुसरा मळा मिळेल. आजोबा सोबतच्या अर्जावर सही करायला निघालेच होते. तेवढ्यात आम्ही मळेवाल्यांनी सह्या जमवून सार्वमत मागितलं आणि ते मंजूर झालं. मळे ठेवायचे की मोडायचे, हे आता गाव ठरवणार होतं.

मला केवढा उत्साह! इथे पाच वर्षं राहिलं की परक्यालाही गावापुरतं मत देता येतं, आणि माझी पाच वर्षं नुकतीच भरली होती. आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळीला मी गेमेंटेतल्या जागाजमिनी बघणाऱ्या पुढाऱ्यालाच प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलं. शाल घातली, श्रीफळ दिलं. साहेब खुलले. माइक हातात घेऊन म्हणाले, "गाव जे ठरवेल तेच होईल. हा माझा शब्द." ते मराठीत मीच सांगितलं, आणि टाळ्याही माझ्याच वाक्याला पडल्या.

आजोबांनाही मी बोलावलं होतं. चकली मोडत ते माझ्या कानाशी म्हणाले, "त्याच्याकडून हे लिहून घे."

मी ओशाळले. ज्याच्या खांद्यावर आत्ता शाल घातली त्याच्यापुढे लगेच कागद सरकवायचा? आपल्यात असं करत नाहीत. मी म्हटलं, "दोनशे माणसांसमोर बोललेत ते."

"एका करारावर देशाचं सार्वमत झालं, तेव्हाही पुढारी सगळ्या देशासमोर असंच बोलले होते," आजोबा म्हणाले. "लोकांनी नको म्हटलं. मग थोडं इकडचं तिकडे करून तोच करार आणला, आणि पुढे सार्वमताचा कायदाच काढून टाकला."

म्हाताऱ्या माणसाची कुरकुर, असं मी मनात म्हटलं. याची मला अजून लाज वाटते.

पुढच्या आठवड्यात शाल परत आली. सोबत सहीशिक्क्याचं पत्र: पदावरच्या व्यक्तीला भेटवस्तू ठेवता येत नाही, क्षमस्व. मी हरखून गेले. ते पत्र मंडळाच्या ग्रुपवर टाकलं, 'याला म्हणतात स्वच्छ कारभार' असं लिहून. आणि तेच घेऊन आजोबांकडे गेले. "बघा, साधी शाल ठेवली नाही. हा माणूस शब्द फिरवेल का? तुम्ही सही करू नका. मी सांगते, मळा राहणार."

त्यांनी तो अर्ज ड्रॉवरमध्ये टाकला. तारीख उलटून गेली.

शाळेच्या हॉलमध्ये लाल पेन्सिलीने गोल भरून मी इथलं माझं पहिलं मत दिलं. आजोबा माझ्यामागे रांगेत होते. आम्ही जिंकलो, चांगल्या फरकाने. मी पेढे वाटले.

काही महिन्यांनी गेमेंटेची सभा झाली. साहेब म्हणाले, सार्वमत हा सल्ला असतो. आम्ही तो गांभीर्याने ऐकला आणि आता घरं बांधतो आहोत. मी उभी राहिले. "दिवाळीला तुम्ही शब्द दिला होता." ते गोड हसले. "फार सुंदर समारंभ होता तो. तिथे मी एक भावना बोलून दाखवली. आणि मळे जाताहेत कुठे? नव्या इमारतीच्या गच्चीवर सगळ्यांसाठी मोठ्या कुंड्या असतील." लोक हसले नाहीत, कुणी ओरडलंही नाही. एकाने कुंड्या किती मोठ्या, असं विचारलं.

निदान कालव्यापलीकडची जागा तरी द्या, असं मी आजोबांसाठी मागितलं. ती मुदत संपली, गेमेंटेच्या कचेरीतली बाई म्हणाली. पत्रात तारीख स्पष्ट लिहिलेली होती. त्यांच्याकडे जे लिहिलेलं होतं ते दगडावरची रेघ. माझ्याकडे लिहिलेलं एकच, शालीचं पत्र. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं. फक्त तेल-तूप माझं नव्हतं, आजोबांचं होतं. मला बाल्कनी आहे, नोकरी आहे, मेथी दुकानातही मिळते.

मळे रिकामे करायच्या दिवशी मी त्यांना मदत करायला गेले. कुदळ, झारी, दोन खुर्च्या. नासपतीची झाडं तशीच ठेवायची होती. सगळं गाडीत भरून झाल्यावर ते तिसऱ्या झाडाला हात लावून उभे राहिले. मी म्हटलं, "हे त्यांनी फार वाईट केलं."

"तू म्हणाली होतीस, मळा राहील," ते म्हणाले.

रागाने नाही. मेथी कडू आहे, हे सांगितलं होतं त्याच आवाजात.

मला सांगता आलं असतं की मी फक्त अंदाज केला होता, तो एक सल्ला होता, तुम्ही तो ऐकलात, मग निर्णय तुमचा. सगळी वाक्यं तयार होती, सभेत ऐकून पाठ झालेली.

"हो," मी म्हटलं. "मी म्हणाले होते."

त्यांनी मान हलवली आणि गाडीत जाऊन बसले.