बुजवलेला कोनाडा

झोपायच्या खोलीत भिंतीला लागून कपाट करून घ्यायचं मी ठरवलं, ते बायकोच्या विसरण्यावर उपाय म्हणून. आज हे लिहितानाही माझी मला लाज वाटते. तेव्हा मात्र मला तो फार शहाणपणाचा विचार वाटला होता. सारा जन्म शाळेत गणित शिकवण्यात गेला. जे काही बिघडतं ते शिस्त नसल्यामुळे, हे माझं ठाम मत. तिने दुधाची पिशवी ट्रंकेत ठेवली, धुतलेलं पातळ पिठाच्या डब्यात सापडलं, तेव्हा आधी मी तिच्यावर ओरडलो. मग मनाशी म्हटलं, या घरात वस्तूंना नेमक्या जागाच नाहीत, बिचारी तरी काय करणार.

त्याआधी तिला डॉक्टरांना दाखवून आणलं होतं. त्यांनी वार विचारला, तिने बरोबर सांगितला. माझ्याकडे बोट करून विचारलं, "हे कोण?"

"आमचे हे," ती म्हणाली.

"नाव काय यांचं?"

ती खाली बघून हसली. डॉक्टर तरुण होते, उत्तराची वाट बघत राहिले. शेवटी मीच म्हणालो, "अहो, मोहोळकडची आहे ती. नवऱ्याचं नाव घ्यायची नाही. लग्नात उखाणा घ्यायलाही हिने अर्धा तास लावला होता." डॉक्टरही हसले आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. मला बरं वाटलं. एवढं तरी शाबूत आहे म्हणायचं.

आमचं घर जुनं, वडिलांनी घेतलेलं. खोलीची भिंत दगडमातीची, हातभर जाड, आणि तिच्यात बायकोच्या खांद्याच्या उंचीवर एक कोनाडा. लग्न होऊन आली त्या दिवसापासून तो तिचा. कुंकवाचा करंडा, फणी, चष्मा, कुलपाची किल्ली, सगळं तिथे. सकाळी उठली की डोळे पुरते उघडायच्या आत तिचा उजवा हात तिकडे जायचा आणि करंडा घेऊनच परत यायचा. बाकी काहीही विसरली तरी हे कधी चुकलं नाही. मी ते रोज बघत होतो आणि मला काही दिसत नव्हतं.

कपाट नेमकं त्याच भिंतीला यायचं होतं. सुतार चार दिवस कामाला होता. मागची फळी बसवायच्या आधी तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, एवडी फळी कापून कोनाडा उगडा ठिवू का? काकू सारक्या हितं हात घालत्यात. मी बगतोय की."

"नव्या फळीला भोक? आणि आतून वाळवी आली म्हणजे? विटा लावून बुजवून टाका."

"तुमी म्हनाल तसं," तो म्हणाला.

कपाट देखणं झालं, यात वाद नाही. प्रत्येक ड्रॉवरवर मी माझ्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली: साड्या, औषधं, करंडा. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा हात गुळगुळीत फळीवर आपटला. तो वर सरकला, खाली सरकला, पुन्हा वर गेला. मी पलंगावरूनच वर्गातल्या आवाजात म्हणालो, "दुसरा ड्रॉवर! लिहिलंय की त्यावर!" तिने चिठ्ठी मोठ्याने वाचली, "करंडा." आणि ड्रॉवर न उघडताच ती स्वयंपाकघरात गेली.

महिन्याभरात कुंकू लावायचं सुटलं. मग एक दिवस म्हणाली, "हे आपलं घर न्हाय. आपल्या घरात भितीत कोनाडा हाय."

तेव्हा माझे डोळे उघडले. सुताराला बोलावून फळी कापून घेतली. विटा मी स्वतः छिन्नीने काढल्या, बोटं सोलून निघाली. करंडा जागेवर ठेवला, तिला हाताला धरून नेलं. म्हटलं, "बघ, तुझा कोनाडा." तिने आत पाहिलं, नुसतं पाहुण्या बाईसारखं, आणि म्हणाली, "छान हाय." हात काही पुढे आला नाही. तो परत कधीच आला नाही. जे मी बुजवलं ते भिंतीत नव्हतंच. आता ते कुठल्या छिन्नीने उकरायचं, मला माहीत नाही.

काल दुपारी चादरीत कपडे बांधून ती पलंगाच्या कडेला बसली होती. मला म्हणाली, "मास्तर, तुमी भले दिसता. आमच्या ह्यांना तेवडा निरोप द्या की. म्हनावं, न्यायला या."

मी विचारलं, "नाव काय त्यांचं? नावाशिवाय निरोप कसा देऊ?"

ती खाली बघून हसली. अगदी दवाखान्यात हसली होती तसंच. या वेळी मी कुणाला काही समजावून सांगितलं नाही. डॉक्टरांसारखाच वाट बघत राहिलो. हळूहळू हसू गेलं. ओठ हलले, थांबले, आणि ती रडकुंडीला आली.

"घेतलं असतं हो नाव. आटवना."

मग मीच तिला माझं नाव सांगितलं. उखाण्यानंतर पहिल्यांदाच तिने ते उच्चारलं, एकदा, आणि चुकायला नको म्हणून पुन्हा एकदा. डोळे पुसत म्हणाली, "हां, त्यांनाच. लवकर या म्हनावं."